हौदाजवळचा ट्रे

१

त्या शेडमध्ये चपला घालून गेलं तरी कुणी हटकत नसे, पण सावली मात्र सांभाळावी लागे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावून ठेवत: ट्रे आणि ऊन यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, ट्रेवर ओणवं व्हायचं नाही, गप्पा मारायच्या तर भिंतीशी जाऊन मारा. बाहेरची माणसं हसायची. पहारेकरी तर म्हणायचा, "इथं माणसाला परवानगी आहे, त्याच्या सावलीला नाही."

पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वर काचेचं छप्पर, खाली ओळीने मांडलेले उथळ ट्रे, ट्रेमध्ये बोटभर खारं पाणी, आणि पाण्याखाली जाजमासारखा पसरलेला हिरवा थर. बघणाऱ्याला वाटावं, शेवाळ आहे झालं. शेवाळ कसलं! सुरीने कापून बघितलं तर वर हिरवा, त्याखाली जांभळट आणि तळाला काळाकुट्ट, असे थरावर थर. हिरव्यातले जीव उन्हावर जगतात आणि ऑक्सिजन सोडतात. काळ्यातले ऑक्सिजनशिवाय जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी गॅस सोडतात. एक वरून रेटतो, दुसरा खालून. दोघांची गाठ पडते त्या केसाएवढ्या जागेत पांढरे धागे राहतात, अंगात गंधकाचे कण भरलेले. त्यांना दोन्ही लागतं, थोडं हे, थोडं ते. ऊन आहे तोवर ते खाली दडून असतात. सावली पडली की हिरव्यांचं काम थांबतं, वरचा ऑक्सिजन बघता बघता संपतो, गॅस वर चढतो आणि त्याच्याबरोबर पांढरे धागे सरपटत वर येतात. ट्रेवर हात धरून बराच वेळ उभं राहिलं, तर हिरव्यावर पांढरा पंजा उमटतो. हात काढला की पुन्हा हिरवं.

थोरलीचं सगळं काम त्या केसाएवढ्या जागेत चालायचं. शेडमध्ये तिला मॅडम म्हणत, पण आपण थोरलीच म्हणू, कारण गोष्ट घरातली आहे आणि घरात ती थोरली जाऊ होती. अंबाड्यात पेन्सिल खोचायची, स्टुलावर बसायची आणि काचेची एक सुई, टोक केसाहून बारीक, त्या थरात श्वास रोखून उतरवायची. ऑक्सिजन कुठे संपतो, गॅस कुठे सुरू होतो, एवढंच बघायचं. बाकी जग गेलं चुलीत.

सुई उतरवायची म्हणजे थोडं तरी वाकावं लागतंच. कितीही जपलं तरी तिच्या डोक्याची सावली ट्रेवर पडायची आणि सुईच्या आलेखात प्रत्येक वेळी बारीकशी खाच पडायची. इतक्या वर्षांत ती खाच कधी चुकली नव्हती. हल्ली ती पडेनाशी झाली होती.

साहेब खूश. आलेख डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "मॅडम, रेघ आहे की रेशीम? एक खाच नाही. केलंत काय?"

"हात बसला," थोरली म्हणाली.

हात तर केव्हाच बसला होता. पण शाबासकी मिळाली की माणूस कारण विचारत बसत नाही, तशी तीही बसली नाही.

२

दोघे भाऊ एका घरात राहत, स्वयंपाकघर एक. धाकट्या दिराला, म्हणजे भाऊजींना, शेडमध्ये पंपांचं काम थोरलीनेच मिळवून दिलं होतं. माणूस हसतमुख. हाताला काम आणि तोंडाला शीळ. ट्रेमधलं पाणी निथळून शेडच्या कोपऱ्यातल्या जमिनीखालच्या हौदात जायचं आणि तिथला पंप ते पुन्हा वर पाठवायचा. पंपाची जाळी थराच्या चिंध्यांनी तुंबली की भाऊजी शिडीवरून उतरायचे, जाळी साफ करायचे आणि नाक मुरडत वर यायचे. घरी आल्यावर धाकटी त्यांना अंगणातच अडवायची. "आधी आंघोळ! अंडी उबवून आल्यासारखा वास येतोय." आणि घरभर हशा.

एका दुपारी ते उतरले आणि वर आले नाहीत.

थोरलीने सगळ्यांना एकच सांगितलं. साहेबांना, चौकशीला आलेल्यांना, नवऱ्याला आणि धाकटीला: "मी हौदाच्या तोंडाशीच उभी होते. शेवटपर्यंत. हाका मारत होते, वर या म्हणून. त्यांनी ऐकलं नाही."

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. खोटं एकदा घरात आलं की त्याला रोज जेवायला वाढावं लागतं.

कारण खरं वेगळंच होतं. शिडीवर पाय ठेवताना भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, इथंच उभ्या राहा हं." ती म्हणाली होती, "आहे मी." नियमच होता तसा, एक खाली तर एक वर. गॅस मोजायचा मीटर चार्जिंगला लावलेला होता, पण थोरली वर उभी आहे म्हटल्यावर त्यांनी त्याचीही वाट पाहिली नाही. आणि त्यांचं डोकं खाली दिसेनासं झालं तशी ती वळली आणि आपल्या स्टुलाकडे गेली, कारण सुई अर्ध्या थरात उतरलेली होती.

आता धाकटीचं बघा. ती नवऱ्यावर रागावली होती. मेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं हे थोरलीला माहीत नव्हतं. भिंतीवरचा फोटो तिने उतरवून कपाटात पालथा घातला. "ताई घसा फोडून ओरडताहेत आणि ह्यांचं आपलं चाललंय! बायको आहे घरी, ह्याची काही शुद्ध?" असं ती भांडी घासताना भांड्यांना सांगायची. आणि राग ओसरला की थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणायची, "पण तुम्ही होतात, ताई. एकटे नाही गेले. तेवढ्या एका गोष्टीवर माझा डोळा लागतो बघा."

थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात तिला स्वतःला नकोसा व्हायचा. खरं सांगावं तर पोरीचा तेवढा आधारही जाणार. न सांगावं तर बिचारे भाऊजी मेल्यावरही बोलणी खाताहेत. आणि तिसरी गोष्ट, जी थोरली मनातल्या मनातही भरभर उरकायची: सांगितलं तर आपल्याला या घरात कोण उभं करील?

म्हणून तिने एक केलं. साहेबांकडे शब्द टाकून धाकटीला शेडमध्ये लावून घेतलं, ट्रेमध्ये पाणी घालायच्या आणि काचा पुसायच्या कामावर. धाकटी मात्र ते उपकार धरून बसली. सकाळचा पहिला चहा थोरलीला. डब्यातली वरची पोळी थोरलीला. शिव्या परवडल्या असत्या, पण ती वरची मऊ पोळी थोरलीच्या घशाखाली उतरत नव्हती.

३

"ताई, हौदाजवळच्या ट्रेवर कुणी काय ठेवलं होतं का हो?"

थोरलीने मान वर केली नाही. "का गं?"

"पांढरं उमटलंय. एवढं, खरबुजाएवढं."

"ठेवलं असेल कुणीतरी काही. हिरवं होईल पुन्हा."

धाकटीला या पांढऱ्याचं कौतुक होतं. भाऊजींनी एकदा तिची बांगडी नेऊन ट्रेवर काचेच्या एका चकतीवर ठेवली होती आणि पांढरं कडं उमटल्यावर मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवला होता. "बघ, तुझा हात नसतानाही बांगडी आहे." तो फोटो तिने पुसला नव्हता. कपाटात पालथा घातला नव्हता असा तो एकच.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते पांढरं पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशीही. सकाळी ट्रे हिरवागार असायचा आणि ऊन एका बाजूला झुकलं की त्या एका ठिकाणी थर फिकुटायला लागायचा. ऊन तर त्यावर सरळ पडत असायचं. ट्रेमधलं पाणी नुसतं लखलखत असायचं.

थोरली त्या कोपऱ्यात जात नसे. त्या दिवसानंतर गेलीच नव्हती. लांबूनच तिने पाहिलं, आणि तिला आधी राग आला. कामात कुणी खोडी काढली की येतो तसा साधा राग.

४

शास्त्र शिकलेल्या माणसाचं एक बरं असतं, भीती वाटली की तो तपासायला लागतो.

आधी छप्पर. वरच्या काचेवर पक्ष्यांची घाण असेल म्हणून तिने पहारेकऱ्याला वर चढवलं. "काच माझ्या टकलापेक्षा स्वच्छ आहे, मॅडम," तो वरून ओरडला. मग खांब. खांबाची सावली भलतीकडेच पडत होती. मग ट्रे. ट्रेमध्येच काही बिघाड असेल, थर जुना झाला असेल, खालचा गॅस वाढला असेल. तिने धाकटीकरवी तो ट्रे उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि तिथला ठणठणीत ट्रे हौदाजवळ आणवला.

दुपार कलली. दुसऱ्या टोकाला गेलेला ट्रे हिरवाच राहिला. हौदाजवळचा नवा ट्रे पांढरा पडायला लागला.

म्हणजे दोष ट्रेमध्ये नव्हता, जागेत होता.

मग ती स्वतः गेली. पाय नको म्हणत होते, पण गेली. हौदाचं लोखंडी झाकण बंद होतं. त्याच्या अलीकडे ऊन, पलीकडे ट्रे. उजेड मोजायचं यंत्र तिने पाण्यावर धरलं. हिरव्यावर धरलं तर आकडा भरपूर, रणरणत्या उन्हाचा. पांढऱ्यावर सरकवलं तर आकडा धाडकन खाली. तिने यंत्र मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. मागे ऊन, पुढे अंधार. डोळ्यांना तर दोन्हीकडे सारखंच लख्ख ऊन दिसत होतं. तिचा स्वतःचा हात त्या पांढऱ्याच्या वर उन्हात तळपत होता, मनगटावरची लव दिसावी इतका.

यंत्र बिघडलं असेल, असं ती मनात म्हणाली. दुसरं यंत्र आणलं. तेही तेच सांगायला लागलं.

ऊन आणि ट्रे यांच्यामध्ये कुणीतरी उभं होतं.

"काय म्हणतंय यंत्र?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. बॅटरी उतरलीय," थोरली म्हणाली. खोटं बोलायची आता तिला सवय झाली होती, पट्‌कन यायचं.

५

खरबुजाएवढं पांढरं दिवसेंदिवस आकाराला आलं. आधी नुसता गोळा. मग त्याच्याखाली मान. मग एक खांदा. कुणीतरी हौदाच्या कडेला उभं राहून खाली वाकून बघत असावं, तशी सावली, फक्त पांढरी.

थोरलीला वाटलं, भाऊजी. दुसरं कोण असणार? गोळ्याच्या मागे एक फुगवटा होता, ती त्यांची टोपी. ते उन्हात टोपी उलटी घालायचे, तिची पुढची झडप मागे यायची. आले असतील. यायलाच हवेत. थोरलीला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तिला वाटलं, हा माणूस रोज दुपारी त्याच वेळेला येतो आणि मी उभी आहे का ते बघतो, आणि मी रोज स्टुलावर असते.

आणि मग ती दुपार आठवायचीच. टाळली तरी यायची.

ती स्टुलावर बसली होती. सुई सीमेवर पोचत होती, आकडा सरकत होता, अजून जरासं, अजून जरासं. हौदातून भाऊजींचा आवाज आला, मोकळा, आनंदी: "वास गेला, वहिनी!"

बाहेरच्या कुणालाही ते ऐकून बरं वाटलं असतं. वास गेला म्हणजे गॅस गेला. पण थोरलीला माहीत होतं. हा गॅस थोडा असला की घाण येते, फार झाला की आधी नाकच मारतो. वास एकदम गेला तर उलट्या पावली पळायचं असतं. हे तिनेच साहेबांच्या सांगण्यावरून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. ते वाक्य कानावर पडताच तिला त्याचा अर्थ कळला. आणि तरी तिने, एवढा एक आकडा घेते आणि उठते, असं म्हटलं. आकडा घेतला. चांगला आला. मग ती उठली.

केवढा वेळ गेला असेल? काहीच नाही. एक घोट पाणी प्यायला लागेल तेवढा. पण हौदात आवाज नव्हता.

हे सगळं पुन्हा एकदा मनातून गेलं तेव्हा ती त्या ट्रेपाशीच होती. धाकटी बाहेर पाणी आणायला गेली होती. थोरलीने सुई आणली होती. जे असेल ते मोजू, म्हणजे सोपं जाईल. पांढऱ्यात तिने सुई उतरवली. ऑक्सिजन शून्य. भर उन्हात, पृष्ठभागावरच शून्य. आणि गॅस थेट वरपर्यंत, त्या दुपारी हौदात होता तसा.

सुई पुढे सरकवताना तिला डोक्यामागच्या त्या फुगवट्यात एक बारीक, सरळ पांढरी रेघ दिसली. फुगवट्याच्या एका बाजूने आत शिरलेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली. टोपीला अशी काडी कुठून येणार? ती वाकून बघत राहिली. आकडा लिहून घ्यावा म्हणून सवयीने तिचा हात मागे अंबाड्याकडे गेला, पेन्सिलीवर पडला आणि तिथेच थांबला.

बराच वेळ ती हात तसाच ठेवून उभी होती. मग तिने पेन्सिल हळूच उपसली. ट्रेवरची रेघ जागची हलली नाही.

६

त्यानंतर काही दिवसांतच हौदाचा पंप घरघरला आणि बंद पडला. नवा नियम झाला होता, आत कुणी उतरायचं नाही, पंप साखळीने वर ओढायचा. धाकटीने बाही वर सारल्या.

"पंपवाल्याला बोलवू," थोरली म्हणाली.

"तो उद्या येणार. तोवर पाणी थांबलं तर ट्रे मरतील ना?"

"मरू देत."

धाकटी बघतच राहिली. "ताई, तुम्ही म्हणताय हे? ताप बीप आला नाही ना?" आणि हसून तिने झाकण ओढलं. "उतरायचं थोडंच आहे मला! बांबूने साखळीचा आकडा पंपाच्या कडीत अडकवायचा, झालं. उतरायचं नाही तर मीटर तरी कशाला?"

वासाचा भपकारा आला. धाकटी पदर नाकाला लावून काठावर पालथी पडली आणि बांबू खाली सोडून चाचपडायला लागली. ढवळलेला गाळ खालून बुडबुडत होता.

"काही दिसत नाही मेलं. पाण्यावर ऊन चमकतंय नुसतं. ताई, तुम्ही त्या अंगाला उभ्या राहा ना, जरा सावली पडेल खाली."

ते अंग म्हणजे तीच जागा. ऊन, मग माणूस, मग हौदाचं तोंड, पलीकडे ट्रे. थोरलीला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ती चालत गेली आणि जिथे उभं राहायचं होतं तिथे, इतक्या दिवसांनी, उभी राहिली.

"आलात का?"

"आहे मी," थोरली म्हणाली. भाऊजींनाही तिने हेच दोन शब्द दिले होते.

"मग सरका जरा. ऊन तसंच आहे."

ती सरकली.

"अजून. ताई, अहो उभ्या आहात ना?"

"काठावरच आहे गं मी."

धाकटीने वैतागून मान वर केली. थोरलीची पावलं तिच्या समोर होती, अगदी काठाला टेकलेली. ऊन त्या पावलांच्या मागून येत होतं. बांबूची सावली हौदाच्या काठावर पडली होती. धाकटीच्या स्वतःच्या हाताची पडली होती, बांगड्यांसकट. थोरलीच्या पायांपासून पुढे काहीच नव्हतं. ऊन तिच्यातून आरपार येऊन पाण्यावर चमकत होतं.

धाकटी उठून बसली. तिची नजर हळूहळू, पाण्यावरून, पलीकडे ट्रेवर गेली. डोकं, मान, एक खांदा, अंबाडा, अंबाड्यात पेन्सिल. त्या अंबाड्यामागे उभी राहून तिने कितीतरी वर्षं पोळ्या लाटल्या होत्या.

"ताई, ही तर तुम्ही," ती म्हणाली. आणि मग तिचे डोळे एकदम भरून आले, चेहरा मोकळा झाला. "बघा! होतात तुम्ही इथं. अजून आहात. माझ्या मनात कधी कधी यायचं हो, पाप यायचं मनात, की ताई खरंच होत्या ना? माफ करा मला."

आता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. साक्षच होती समोर. इतकी भक्कम साक्ष कुणाला मिळत नाही.

"ती होती," थोरली म्हणाली. "मी नव्हते."

धाकटीला कळलं नाही. मग कळलं. तोंडावरचा रंग उतरत गेला तो दिसला.

"कुठं होतात?"

"सुईपाशी."

"हाका मारल्यात ना? ओरडत होतात ना?"

"नाही गं."

"मग ह्यांनी मारली असेल. ह्यांनी मारली हाक?"

"मारली."

"काय म्हणाले?"

"वास गेला, वहिनी, म्हणाले."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. पदर तिच्या नाकावरून केव्हाच खाली पडला होता. तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि कपाळावर आठी पडली.

"आता पण येत नाहीये, ताई."

थोरलीने एक क्षणही घेतला नाही. एवढं तरी तिच्या खात्यावर लिहा. तिने धाकटीच्या दंडाला धरून ओढलं, धाकटी पाय घसरून पडली, तिचा बांबू हौदात गेला, थोरली तिला जमिनीवरून फरफटत, दोन ट्रे लवंडत, दारापर्यंत घेऊन गेली आणि दोघी बाहेरच्या अंगणात कोसळल्या. कितीतरी वेळ नुसत्या खोकत होत्या. पहारेकरी धावत आला, पाणी घेऊन आला.

धाकटीने पाणी घेतलं. थोरलीचा हात तिच्या दंडावर होता, तो तिने एकेक बोट सोडवून बाजूला केला. ओरडली नाही, रडली नाही, शिवी दिली नाही. थोरली वाट बघत होती, एखादी तरी द्यावी म्हणून.

"घरी जाते," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "फोटो लावायचाय भिंतीवर."

ती फाटकाकडे निघाली. ऊन कललेलं होतं. तिची लांब सावली तिच्या शेजारून अंगणभर चालत गेली, फाटकावर चढली आणि गेली. थोरली उठून उभी राहिली. तिने खाली बघितलं. अंगणातली माती तिच्या पायांभोवती सगळीकडून सारखीच उजळ होती.

"मॅडम, आत कुणी राहिलंय का?" पहारेकरी म्हणाला.

"नाही. आम्ही दोघीच होतो."

"मग ते कोण?"

तो दाराच्या काचेतून बघत होता. थोरलीला बघायचं नव्हतं. झाकण उघडंच राहिलं होतं. हौदाच्या तोंडाशी, उन्हाच्या बाजूला, कुणीतरी पाठमोरं उभं होतं, अंबाडा घातलेलं, मान वाकवून खाली बघत. हाका मारत नव्हतं. हलत नव्हतं. जिथं उभं राहायला सांगितलं होतं, तिथंच उभं होतं.